तिसऱ्या रायफलचा धक्का

माझा उजवा स्तन काढून टाकल्याला वर्ष होत आलं होतं, तेव्हा मी स्वतःची रायफल घ्यायचं ठरवलं. ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग माझ्या नवऱ्याच्या. नवरा काही बोलला नाही. त्या वर्षात तो तसाही फारसा बोलत नव्हता.

हे खूळ एकाएकी डोक्यात शिरलेलं नव्हतं. कोल्हापुरात कॉलेजात असताना मी एनसीसीत होते. एरवी आमच्या हातात टू-टूची हलकी रायफल असायची, पण एका कॅम्पात सैन्यातली जुनी थ्री नॉट थ्री मिळाली. तिच्या दणक्याने खांदा आठवडाभर निळा राहिला आणि मी तो मैत्रिणींना कौतुकाने दाखवत हिंडले. मग लग्न, पुणं, नवऱ्याचा स्किल्ड व्हिसा, मेलबर्न. तिथल्या वेरिबी उपनगरात घर घेतलं, मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागले आणि रायफल पार विसरले. लॅबमधली एक ऑस्ट्रेलियन सहकारी मला एका रविवारी तिच्या रायफल क्लबात घेऊन गेली तोपर्यंत. त्या दिवशी चटईवर पोटावर पडून मी जुन्या मिलिटरी रायफलच्या नेम धरायच्या माशीवरून लांबवरचा कागद पाहिला, आणि तेवढा वेळ जगात कोणालाही माझ्याकडून काही नको होतं. मला ते फार आवडलं.

लायसन्स काढलं, सेफ्टीचा कोर्स केला. नियमाप्रमाणे लोखंडी कपाट हवं होतं. नवऱ्याने नाखुशीनेच ते गॅरेजच्या भिंतीत बोल्ट ठोकून बसवलं. मुलगी तेव्हा युनिव्हर्सिटीत होती. ती म्हणाली, "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग," आणि मैत्रिणींना यातलं काही सांगायचं नाही असं तिने मला बजावलं. मी क्लबच्याच रायफली वापरायचे. स्वतःची एक घेऊ घेऊ म्हणत होते, तेवढ्यात आंघोळ करताना गाठ हाताला लागली.

पुढचं सगळं जसं असतं तसंच झालं. ऑपरेशन, केमो, रेडिएशन. व्रण छातीच्या मधून निघून काखेपर्यंत गेला होता. काही ठिकाणी तो बधिर होता, काही ठिकाणी ब्लाउजचा काठ लागला तरी आग व्हायची. सगळ्यात जास्त त्रास गाडी चालवताना. ड्रायव्हरचा सीटबेल्ट उजव्या खांद्यावरून खाली येतो, बरोबर त्याच जागेवरून. हॉस्पिटलमधून एक छोटी उशी मिळाली होती, ती बेल्टच्या आत धरून मी गाडी चालवायचे.

नवऱ्याने माझं सगळं केलं. ऑपरेशननंतर नळ्यांना लावलेल्या पिशव्या रिकाम्या केल्या, कुकर लावला, ऑफिसच्या मीटिंग्ज हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून घेतल्या. पण त्याने व्रणाकडे एकदाही पाहिलं नाही. मी कपडे बदलायला लागले की तो खोलीतून बाहेर जायचा. मला झोपेत धक्का लागू नये म्हणून तो दुसऱ्या खोलीत झोपायला लागला, आणि टाके सुकून कितीतरी महिने झाले तरी तिकडेच राहिला. मीही त्याला परत बोलावलं नाही. कसं बोलवायचं ते मला कळत नव्हतं.

क्लबात मी आजाराबद्दल कोणाला सांगितलं नव्हतं. घरी जरा गडबड होती, एवढंच म्हणाले. पण तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या सभासदाने ते ओळखलं. रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून जन्म काढलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटा राहणारा माणूस. पार्किंगमध्ये माझ्या गाडीशेजारून जाताना त्याला सीटवरची उशी दिसली. तो थांबला आणि म्हणाला, "माझ्या बायकोकडे अशीच होती." मग टोपी नीट केली आणि निघून गेला.

त्यानंतर काही दिवसांनी त्याचा फोन आला. त्याचे हात आता थरथरायला लागले होते. डॉक्टरने रायफली सोडायला सांगितल्या होत्या, आणि सगळ्या रायफली डीलरकडे जाणार होत्या. त्याआधी तीन रायफली तो रेंजवर आणणार होता. मी त्या चालवून बघाव्यात, खांद्याला सोसेल ती एक ठेवून घ्यावी, असं त्याचं म्हणणं. "अनोळखी माणसाकडे जाण्यापेक्षा तुझ्याकडे गेलेली बरी," तो म्हणाला.

आम्ही एका कामाच्या दिवशी सकाळी भेटलो. आमची रेंज वेरिबीच्या पलीकडे सपाट माळावर आहे. तिथे वाऱ्याला अडवायला काही नाही. उन्हाळा संपत आला होता, गवत वाळून पांढरं पडलं होतं, आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी लाल निशाणं काठीपासून आडवी, ताठ झाली होती. रेंज ऑफिसर, मी आणि तो. बाकी कोणी नव्हतं.

त्याने तिन्ही रायफली टेबलावर ओळीने ठेवल्या. पहिली स्वीडनची, माझ्या छातीपर्यंत येईल एवढी लांब. दुसरी इथेच ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समध्ये बनलेली, मागच्या टोकाला पितळी पट्टी असलेली. कोल्हापूरच्या कॅम्पातली रायफल हिचीच बहीण. मी तिला थ्री नॉट थ्री म्हटलं तेव्हा तो हसला. इथे थ्री-ओ-थ्री म्हणतात. आणि तिसरी, तीच गोळी मारणारी पण आखूड, जंगलातल्या लढाईसाठी वजन काढून हलकी केलेली. तिच्या दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकतो त्या लाकडी भागाला, मागे रबर होतं.

मी साहजिकच तिसरी उचलली. लहान, हलकी, शिवाय मागे रबर. त्याने मान हलवली. म्हणाला, सगळे इथेच फसतात. गोळी तीच, दारू तीच, मग रायफल जेवढी हलकी तेवढी ती जोरात मागे येणार. जड रायफल धक्क्यातलं बरंचसं स्वतःच पिऊन टाकते. आणि ते रबर इतक्या वर्षांत दगड झालंय, शिवाय अरुंद आहे, त्यामुळे सगळा मार एका जागी बसतो. स्वीडनची जड आहे आणि तिची गोळी बारीक, म्हणून ती नुसती ढकलते. मधली मारते, पण सरळ मारते. "ही मात्र चावते," तो तिसरीकडे बोट दाखवून म्हणाला.

मी जाड अस्तराचं शूटिंग जॅकेट घातलं आणि टेबलाशी बसले. स्वीडनची खांद्याच्या खोबणीत बसवली. दस्त्याची खालची कड बरोबर व्रणाच्या टोकावर येत होती. काही केलं तरी ती टळत नव्हती. मी श्वास सोडला आणि चाप ओढला.

धक्का लागला, पण एखाद्या ओळखीच्या माणसाने गर्दीत खांद्याने सारावं तसा. दुखलं नाही. मी आणखी काही गोळ्या झाडल्या. कागदावर भोकं जवळजवळ पडत होती. म्हातारा दुर्बिणीतून बघून बोटाने दाखवत होता, वर, डावीकडे, ठीक. मग मधली घेतली. तिने मात्र काखेपर्यंत सणक नेली. टाक्यांची ओळ कोणीतरी चिमटीत धरून ओढावी तशी. एका गोळीनंतर मी तिला खाली ठेवलं.

तिथेच थांबायला हवं होतं. निवड झाली होती. पण मी तिसरी उचलली.

"ती राहू दे, लव्ह," तो म्हणाला, इथले म्हातारे सगळ्यांनाच म्हणतात तसं.

"एकच."

त्याने खिशातून एक काडतूस काढून टेबलावर ठेवलं. ते टेबलावर थोडं गडगडलं.

का झाडली मी ती, हे नंतर मला खूप जणांनी विचारलं. एवढंच सांगू शकते की वर्षभरात त्या जागेला डॉक्टर, नर्सेस आणि मशिनं सोडून कोणी हात लावला नव्हता. सगळे तिला काचेच्या भांड्यासारखं जपत होते, मीसुद्धा. स्वीडनचीने हलकेच ढकललं आणि काही फुटलं नाही. मग मला बघायचं होतं, माझ्यात किती उरलंय.

गोळी सुटली तेव्हा नळीच्या तोंडाशी मोठा जाळ दिसला आणि दस्ता खांद्यावरून घसरून खाली, छातीवर बसला. आत कुठेतरी कट असं झालं. आवाज मला कानाने आला नाही, दातांमधून आला. मी रायफल खाली ठेवली. उभं राहता येईना म्हणून तशीच बसून राहिले. म्हाताऱ्याने स्वतःचा कोट काढून माझ्या पाठीवर टाकला आणि रेंज ऑफिसरला पाणी आणायला सांगितलं.

त्या दुपारी नवरा घरूनच काम करत होता. मी बाथरूमच्या आरशासमोर जॅकेट काढण्याच्या खटपटीत होते, हात वर जात नव्हता. शेवटी त्याला हाक मारली. तो आला, त्याने जॅकेट आणि आतला शर्ट उतरवून दिला, आणि पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा. व्रण, आणि व्रणाखाली जांभळा, फुगलेला, तळहाताएवढा डाग.

"हे कोणी केलं?" त्याने विचारलं. जसं काही मला कोणी मारून गेलं होतं.

मी सांगितलं. तो टबच्या काठावर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून फरशीकडे बघत राहिला.

"मी त्या जागेला हात लावत नाही," तो म्हणाला, "तुला दुखेल म्हणून. आणि तू तिथे बंदूक मारून घेतेस."

"दुखेल म्हणून की बघवत नाही म्हणून?"

त्याने मान वर केली. मग म्हणाला, "बघवत नाही. मला वाटतं, अजून काहीतरी दिसेल."

आम्ही भांडलो नाही. त्याने बर्फ आणला, टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिला, आणि मग तो परत घेऊन स्वतःच धरून बसला.

डाग आधी हिरवा झाला, मग पिवळा. पण आतलं दुखणं जाईना. खोकलं की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरांनी, हाडांचा स्कॅन करायला सांगितलं. स्कॅनमध्ये एका बरगडीवर काळा ठिपका दिसला. कॅन्सरच्या डॉक्टरांनी विचारलं, पडलात का, कुठे आपटलात का? मी रायफलचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. रेडिएशन झालेल्या बाजूची हाडं ठिसूळ होतात, त्या बाजूला असला मार घ्यायचाच नव्हता, ते म्हणाले. मग त्यांनी मूळ मुद्दा सांगितला. हाडाला तडा गेला असेल तर असाच ठिपका दिसतो. आणि आजार हाडात पोचला असेल तरी असाच. दोन्हींत फरक आत्ता कळणार नाही. काही आठवडे जाऊ देऊ आणि सीटी स्कॅन करू.

ते आठवडे आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो, माझं हाड मोडलेलं असू दे म्हणून.

नवरा, ज्याने रायफल या विषयावर कधी तोंड उघडलं नव्हतं, तो आता दुसरं काही बोलेना. तिसरीचं वजन किती होतं? दस्ता नक्की कुठे लागला? मधलीपेक्षा किती जोरात? दुप्पट म्हणशील का? तो लॅपटॉपवर गोळीचं वजन, दारूचं वजन, रायफलचं वजन घालून धक्क्याचा हिशोब करत बसायचा. तिन्ही रायफलींचे आकडे त्याने एकाखाली एक मांडले होते, आणि तिसरीचा आकडा सगळ्यात मोठा होता. तो मला पुनःपुन्हा दाखवायचा. "बघ," म्हणायचा, "हिने मोडू शकतं."

एकदा त्याने माझ्याकडून नंबर घेऊन म्हाताऱ्याला फोन लावला. याआधी दोघांची ओळखही नव्हती. मी कांदा चिरत होते, मला इकडचंच बोलणं ऐकू येत होतं. खूप जोरात लागते का? म्हणजे बुक्कीसारखी? त्याहून जास्त? ऐकता ऐकता त्याचा चेहरा उजळत गेला. फोन ठेवून तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "ते म्हणतात, त्यांच्यासमोर एका धडधाकट माणसाचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, असल्याच रायफलने." आम्हाला दोघांना इतका आनंद झाला की त्याने चहा टाकला. कोण कुठला माणूस, त्याचं हाड मोडलं होतं, आणि आम्ही वेरिबीत त्याच्या नावाने चहा पीत होतो.

त्या दिवसांत तो रोज डाग बघायचा. बोटांनी बरगड्या चाचपायचा, इथे दुखतं का, इथे? दुखतं म्हटलं की त्याला बरं वाटायचं. तो परत आमच्या खोलीत झोपायला आला. ते कधी झालं आणि कसं, त्यावर आम्ही काही बोललो नाही.

मध्येच म्हाताऱ्याचा फोन आला. डीलर रायफली न्यायला येणार होता, कोणती घेतेस ते सांग. मी म्हटलं, आत्ता माझं काही नक्की नाही. तो म्हणाला, माझंही नाही. फोन स्पीकरवर होता. नवऱ्याने माझ्याआधीच उत्तर दिलं, "स्वीडनची." कागदपत्रं झाल्यावर तो मला डीलरकडे घेऊन गेला, रायफल आणली आणि गॅरेजमधल्या कपाटात मी ती ठेवत असताना बाजूला उभा राहिला.

सीटीचा निकाल घ्यायला आम्ही दोघं गेलो. डॉक्टर म्हणाले, बरगडीचं हाड मोडलंच होतं आणि आता ते जुळून येतंय. तो आजार नाही. नवऱ्याने माझा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली.

मग डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. बरगडीसाठी काढलेल्या त्याच चित्रात मागे मणक्यात एक छोटा डाग होता. तो तडा नव्हता. आणखी तपासण्या करायच्या होत्या, पण त्यांना फारशी शंका नव्हती. बरगडीमुळे लवकर सापडलं, ते म्हणाले. गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत, पुष्कळ जणींची वर्षं चांगली जातात.

नवऱ्याने विचारलं, "तोही त्याच धक्क्याने झाला असेल का?"

"नाही," डॉक्टरांनी सांगितलं. "त्या धक्क्याने नाही."

नवऱ्याने मान हलवली, जशी तो ऑफिसच्या कॉलवर हलवतो. गाडीत बसल्यावर त्याने किल्ली बराच वेळ लावलीच नाही.

मुलगी आता पार उत्तरेला, डार्विनला नोकरी करते. तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "डू यू वॉन्ट मी टू कम होम?" मी म्हटलं, तिकडे पाऊस सुरू आहे, नवी नोकरी आहे, लगेच रजा घेऊ नकोस. त्याच आठवड्यात ती आली. पहिले दोन दिवस फक्त माझ्याबरोबर सोफ्यावर बसून राहिली.

म्हाताऱ्याला सांगायला मी त्याच्या घरी गेले. हे त्याला फोनवर सांगवेना. त्याच्या मांडीवर हात होते, एक हात दुसऱ्याने धरून ठेवलेला. मी मणक्याचं सांगितलं. त्याने खोट्या धीराचं काही म्हटलं नाही, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. बायकोला शेवटी काय काय झालं ते त्याने मला सांगितलं, मी विचारलं तेवढंच. निघताना म्हणाला, ते काडतूस तुला द्यायला नको होतं. मी म्हटलं, तुम्ही दिलं नसतं तर मणक्यातलं इतक्यात कळलं नसतं. तो म्हणाला, "कळून काय करणार होतीस?" काही महिन्यांनी त्याची मुलगी त्याला क्वीन्सलँडला घेऊन गेली. ख्रिसमसला त्याचा फोन येतो. बोलणं थोडं आणि जडच असतं.

मला रायफल चालवायला बंदी आहे. मणक्याला हिसका बसायला नको. गोळ्यांनी तोंडाची चव गेली आहे, दुपारी डोळे उघडे राहत नाहीत. पण आम्ही रविवारी क्लबात जातो. लायसन्स नसलेल्या माणसाला तिथे कोणाच्या तरी देखरेखीखाली चालतं, म्हणून स्वीडनची नवराच चालवतो. मी शेजारी खुर्ची टाकून दुर्बिणीतून बघते आणि कुठे लागली ते सांगते. पहिल्या दिवशी पहिली गोळी झाडल्यावर तो तसाच पडून राहिला. मी विचारलं, लागलं का?

"नाही," तो म्हणाला. "हिचा धक्का काहीच नाही गं."

त्याचा नेम वाईट आहे. चाप ओढायच्या आधी तो डोळे मिटतो. मी सांगितलं तर म्हणतो, मिटत नाही. परत येताना गाडी तोच चालवतो आणि मला वाटेतच झोप लागते. कधीकधी जाग येते तेव्हा गाडी गॅरेजमध्ये असते, इंजिन बंद असतं, आणि तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसलेला असतो, मला उठवायला नको म्हणून.